अक्षरं थांबली तेव्हा

४ मार्च, सोमवार

निवृत्त झाल्यापासून हात रिकामे आहेत आणि रिकामे हात मला मानवत नाहीत. सगळं आयुष्य कोर्टात स्टेनो म्हणून गेलं. वकील बोलले, साक्षीदार बोलले, न्यायाधीश बोलले, मी सगळ्यांचं उतरवून घेतलं. माझं मत कोणी विचारलं नाही, मीही कधी दिलं नाही. आता घर खायला उठतं. आई खिडकीशी बसून विणते. मध्ये कोणी बोललं तर तिचे टाके चुकतात, म्हणून आम्ही दोघी गप्प असतो.

आज एका बाईंचा फोन आला. मनाच्या डॉक्टर आहेत. आमच्या जुन्या रजिस्ट्रारसाहेबांनी त्यांना माझा नंबर दिला. त्या कम्प्युटरवरून एक वर्ग चालवतात. लहानपणी घरातच ज्यांचा छळ झाला अशा मोठ्या माणसांचा वर्ग. आधी थोडं शिकवायचं, मग ज्याला बोलायचं त्याने बोलायचं, आणि ज्याला गरज असेल त्याला वेगळी वेळ देऊन उपचार. ज्यांच्या गावात असा डॉक्टर नाही, ज्यांना घराबाहेर पडणं जमत नाही, ज्यांना कोणी ओळखीचं भेटेल याची भीती वाटते, अशी माणसं येतात म्हणाल्या.

त्यांच्यात एक सुतार आहेत, त्यांना ऐकू येत नाही. त्यांच्यासाठी इतरांचं बोलणं पडद्याच्या तळाशी अक्षरांत उमटवायचं, हे माझं काम. आतापर्यंत ते मशीन करत होतं. डॉक्टर म्हणाल्या "दीर्घ श्वास घ्या", मशीनने लिहिलं "दीर सासू घ्या". इथवर ठीक, सुतारही हसले. पण एकदा सुतारांनी मोठ्या कष्टाने स्वतःबद्दल काही सांगितलं, त्यावर एकजण म्हणाला, "तुमची चूक नव्हती." पडद्यावर उमटलं, "तुमची चूक होती." सुतारांनी कम्प्युटर बंद केला आणि पुन्हा आलेच नाहीत. आता माणूस बसणार असेल तर एकदा येऊन बघतो म्हणालेत.

मी हो म्हटलं. मनात मात्र आलं, लहानपणी मार कोणी खाल्ला नाही? आमचे वडीलही तापट होते. म्हणून आम्ही काही वर्ग लावला नाही. मी आणि माझा धाकटा भाऊ बापू संध्याकाळी जिन्यात खेळायचो, थंडी असो, उकाडा असो. आमचं लहानपण मजेत गेलं.

७ मार्च, गुरुवार

पहिला वर्ग झाला. या वहीत कोणाची ओळख पटेल असं काही लिहायचं नाही असं ठरवलं आहे. नावं तर मलाही माहीत नाहीत. तिथे सगळे आपापल्या कामाच्या नावाने येतात. सुतार, सिस्टर, माळी, शिंपीणबाई. मी 'लेखनिक'. बऱ्याच जणांचे चेहरे दिसत नाहीत, काळ्या चौकटी नुसत्या. माळी गाडीत बसून येतो, त्याच्या मागे सीटचा पट्टा दिसतो. सुतार आपल्या कारखान्यातून. मागे फळ्या उभ्या, लाकडाच्या ढलप्यांचा ढीग, वरून येणारा उजेड.

डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, काही सुधारायचं नाही. कोणी अडखळलं तर अडखळलेलं लिहायचं. कोणी गप्प राहिलं तर कंसात 'शांतता' असं लिहायचं. कोर्टात साक्षीदार गप्प राहिला तर आम्ही काहीच लिहीत नसू. बोलला नाही म्हणजे घडलं नाही. इथे गप्प बसणंही नोंदवायचं. मला गंमत वाटली.

सुतारांचं हसू इतरांच्या मागून येतं, वाचून झाल्यावर. शिंपीणबाई काहीतरी विनोदी बोलल्या, सगळे हसून शांत झाले, आणि मग सुतार एकटेच हसले. ते बघून बाकीचे पुन्हा हसले. शेवटी ते म्हणाले, "आज पहिल्यांदा वर्गात बसल्यासारखं वाटलं." बोलतात स्पष्ट, फक्त आवाजात चढउतार नाही. लहानपणी ऐकू येत होतं त्यांना. सावत्र बापाने कानाखाली मारत मारत ते घालवलं. हे त्यांनीच सगळ्यांना सांगितलं, लाकडाचा भाव सांगावा तसं.

मला माझं काम आवडलं. हात अजून चालतात.

१५ मार्च, शुक्रवार

काल डॉक्टरांनी शिकवलं की लहानपणी सतत धोक्यात वाढलेल्या मुलाचं शरीर पहारेकरी होतं. धोका संपला तरी पहारा उठत नाही, कारण पहारेकऱ्याला कोणी येऊन सांगत नाही की आता घरी जा. म्हणून माणसं दचकतात, जागतात, नाहीतर उलट, दगडासारखी होतात. अशा वेळी पाय जमिनीवर टेकवायचे, समोर दिसतील त्या वस्तूंची नावं मोठ्याने घ्यायची. मी टाइप करता करता पाय टेकवून पाहिले. टेकलेलेच होते.

आईने विचारलं, दार लावून कोणाशी बोलतेस? म्हटलं, बोलत नाही, ऐकते. ती म्हणाली, तेच बरं.

वडिलांचा फोटो पुसला. बापूला फोन लावला होता, उचलला नाही. वडील गेले त्या दिवशी येऊन उभ्या उभ्या गेला, त्यानंतर इकडे फिरकला नाही. लहान असल्यापासून नाकाच्या शेंड्यावर राग. मीच आपली दर आठवड्याला फोन करते. मोठी आहे ना.

२१ मार्च, गुरुवार

आज फजिती झाली. सिस्टर बोलत होत्या. रात्रपाळी करून आल्या होत्या, आवाज थकलेला. वडील घरी येताना जिना कसा चढायचे त्यावरून त्यांना आज काय होणार ते कळायचं, असं सांगत होत्या. पावलं सरळ पडली तर बरं. मध्ये थांबली तर वाईट. मी लिहीत होते आणि मध्येच कीबोर्ड बंद पडला. मी दाबतेय आणि पडद्यावर काही नाही. बराच वेळ गेला असावा. सुतारांनी हात वर केला आणि म्हणाले, "अक्षरं थांबली."

सगळे थांबले. सिस्टरही थांबल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी माफी मागितली, वायर काढून पुन्हा लावली, आणि मग चालू झालं. सिस्टरनी सुतारांसाठी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मला चहा सुद्धा गेला नाही नंतर.

२२ मार्च, शुक्रवार

कीबोर्ड दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदाराने उलटा करून झटकला, सगळी बटणं दाबून पाहिली, म्हणाला, मावशी, याला काही झालेलं नाही. मी म्हटलं, नीट बघा. त्याने पुन्हा पाहिलं. मग मी नवाच विकत घेतला. उगाच पुन्हा तोंडघशी पडायला नको.

हल्ली झोप नीट लागत नाही. उन्हाळा लागला की असं होतंच.

२८ मार्च, गुरुवार

नीट लिहायचं ठरवून बसले आहे.

आज सिस्टर पुढचं बोलल्या. त्यांना एक भाऊ होता. मी लिहीत होते, हात चांगले चालत होते, नवा कीबोर्ड हलका आहे. वाक्य संपलं आणि सुतारांनी हात वर केला. त्यांनी विचारलं, "बापू कोण?"

सिस्टर म्हणाल्या, कोण बापू? डॉक्टरही गोंधळल्या. मी वर जाऊन वाचलं. सिस्टर म्हणाल्या होत्या, "भावाला धरून आत ओढून नेलं." मी लिहिलं होतं, "बापूला धरून आत ओढून नेलं."

माझ्या हातून नोकरीत कधी असं झालं नाही. खुनाचे खटले उतरवले, लहान मुलांच्या साक्षी उतरवल्या. एकदा तर मुलगी रडत होती, तिचे वडील समोर बसले होते, वकिलाचाही आवाज बसला, आणि मी मात्रा चुकवली नाही. साहेब म्हणायचे, बाई म्हणजे यंत्र. कौतुकानेच म्हणायचे.

मी चूक दुरुस्त केली. वर्ग पुढे गेला. पण मला सारखं वाटत होतं की त्या काळ्या चौकटींतून सगळे माझ्याकडे बघतायत, आणि माझी चौकट तर कायमच बंद असते.

२९ मार्च, शुक्रवार

सकाळी डॉक्टरांना फोन करून सांगितलं की दुसरं कोणी बघा. वय झालं, चुका व्हायला लागल्या. ज्या माणसाला मशीनच्या चुकीने उठून जावं लागलं त्याच्यापुढे मी चुका करणं बरोबर नाही.

त्यांनी ऐकून घेतलं. सुतारांची माझ्याबद्दल तक्रार नाही म्हणाल्या, उलट रात्रीच त्यांचा निरोप आला होता, लेखनिक बाई ठीक आहेत ना. मग त्यांनी विचारलं, बापू कोण हे मला सांगावंसं वाटतं का. मी सांगितलं, धाकटा भाऊ. दूर असतो. चांगली नोकरी आहे, बायको शिक्षिका आहे, एक मुलगी आहे. मग मीच बोलत राहिले. आम्ही जिन्यात खेळायचो वगैरे.

त्यांनी एकच विचारलं, "थंडीत का खेळायचात जिन्यात?"

मी म्हटलं, मुलांना कुठे थंडी कळते. त्या म्हणाल्या, हं. माझ्याकडे उत्तर होतं आणि ते मी दिलं, तरी दिवसभर उत्तर शोधत असल्यासारखं वाटत राहिलं. दुसरं कोणी मिळेपर्यंत मी काम करेन असं कबूल करून फोन ठेवला.

३ एप्रिल, बुधवार

आईशी बोलले. जे झालं ते तसंच उतरवते, सवयीप्रमाणे.

जेवणं झाली होती. ती विणत होती, मी समोर बसून मटार सोलत होते. मी विचारलं, आई, आम्ही जिन्यात का खेळायचो?

ती टाके पुरे करून म्हणाली, "मीच काढायचे तुम्हाला बाहेर. आणि आतून कडी लावायचे."

"का?"

"आत असलात की तो तुमच्यावर धावून जायचा. बापूवर जास्त. कडी लावली की मग माझं मी बघायचे."

मी म्हटलं, एकदा वडिलांनी बापूला दारातूनच आत ओढलं होतं का? आई म्हणाली, एकदा कशाला. मला कडी लावायला उशीर झाला की. मग तिने लोकर गुंडाळली. मला वाटलं उठून जाईल. पण तिथेच बसून राहिली आणि म्हणाली, "सुरुवातीला तू बाहेरून दार वाजवायचीस. आई, आई, करून. नंतर वाजवायचं सोडलंस. मला वाटलं, शहाणी झाली पोर."

(शांतता.)

मी मटार सोलत राहिले. शेंगा संपल्यावर साली पुन्हा चाचपून पाहिल्या. तिचा राग यायला हवा होता की दया, ते अजून ठरवता आलेलं नाही. तिच्या मनगटाचं हाड वाकडं आहे, ते विहिरीवर पडून, असं आम्हाला लहानपणी सांगितलं होतं. आम्ही राहायचो त्या इमारतीला विहीर नव्हती. हे मला आज, या वयात सुचलं.

४ एप्रिल, गुरुवार

वर्ग नीट झाला. एकही चूक नाही. पण मशीन झाल्यासारखं वाटलं नाही. शिंपीणबाई रडल्या तेव्हा माझेही डोळे वाहत होते आणि हात चालत होते. दोन्ही एकाच वेळी चालू शकतं हे मला माहीत नव्हतं.

७ एप्रिल, रविवार

बापूने फोन उचलला. नेहमीसारखी जेवलास का, पोरगी काय म्हणते, अशी सुरुवात केली आणि मला पुढे जाता येईना. शेवटी सरळ सांगितलं, आईने जिन्याचं सांगितलं.

तो म्हणाला, "ताई, तू तिथे काय करायचीस, आठवतंय?"

मी म्हटलं, खेळायचो. काय खेळायचो ते काही आठवत नाही.

"खेळायचो कसले. तू गोष्टी सांगायचीस. ओरडून ओरडून. तोफा, वादळं, राक्षस. आतला आवाज वाढला की तुझ्या गोष्टीत लढाई सुरू व्हायची. शेजारचे म्हातारे दार उघडून तुला गप्प बस म्हणायचे, तरी तू थांबायची नाहीस."

मी विचारलं, कशाला ओरडायचे मी एवढी?

"मला ऐकू येऊ नये म्हणून."

एकही गोष्ट आठवत नाही. त्याला मात्र पाठ आहेत. एका जहाजाची सांगितली, त्याला म्हणे दारंच नव्हती, नुसती शिडं होती. हीच गोष्ट तो आपल्या मुलीला झोपवताना सांगतो, हळू आवाजात. आयुष्यभर मी समजत होते की मला दुसऱ्याचं उतरवून घ्यायला येतं, स्वतःचं असं काही रचायला येत नाही.

मग विचारलं, तू घरी का येत नाहीस? म्हणाला, "येऊन काय करू? तू वडिलांचा फोटो पुसत असतेस आणि म्हणतेस, तापट होते पण मनाने चांगले होते. मला वाटतं मग मीच खोटा." मी त्याला रागीट म्हणत आले. तो रागावला नव्हता, तो माझ्यापुढे साक्ष देत होता आणि मी ती लिहून घेत नव्हते.

९ एप्रिल, मंगळवार

डॉक्टरांशी लांबलचक बोलले. त्यांचा नवा वर्ग मे महिन्यात सुरू होतोय. त्यात मी लेखनिक म्हणून नाही, शिकायला म्हणून बसावं असं त्यांनी सुचवलं, आणि तोवर आठवड्यातून एकदा त्यांच्याशी एकटीने बोलावं. मी म्हटलं, मला काही तसं झालं नाही हो, मार तर आईने आणि बापूने खाल्ला. त्या म्हणाल्या, दाराबाहेर बसलेल्या मुलीसाठीही वर्गात जागा असते.

मी विचार करते म्हटलं. मग फोन ठेवल्या ठेवल्या पुन्हा केला आणि हो म्हटलं.

अडचण सुतारांची. त्यांचा निम्मा वर्ग मशीनने खाल्ला म्हणून तेही मे महिन्यात पुन्हा पहिल्यापासून बसणार आहेत. मी तिकडे गेले तर त्यांच्यासाठी लिहिणार कोण? कोर्टात माझ्या हाताखाली एक मुलगी होती, घाईघाईची पण कानाची पक्की. तिला फोन केला. तिला कामाची गरज आहे. घरी येईल, तिला तयार करते.

१८ एप्रिल, गुरुवार

कोर्टातली ती मुलगी, माझी धाकटी लेखनिक, शेजारी बसली होती, आज अर्धा वर्ग तिने लिहिला. मी तिला सांगितलं, लोकांची वाक्यं पुरी करायची नाहीत, अर्धी सोडली तर अर्धीच ठेवायची. तिने विचारलं, आणि रडायला आलं तर? म्हटलं, रडायचं, हात थांबवायचे नाहीत. फारच जड झालं तर हात वर करून सांगायचं, मी थांबते. यात कमीपणा नाही. हे मला कोणी सांगितलं नव्हतं म्हणून तिला सांगितलं.

वर्गानंतर सुतारांनी लिहून पाठवलं, नव्या बाई थोड्या हळू आहेत, पण मला घाई नाही. मे महिन्यात तुम्ही बोला, मी वाचेन.

२ मे, गुरुवार

नवा वर्ग. सकाळपासून चारदा घर झाडलं. आई म्हणाली, फरशी झिजेल.

मी माझी चौकट उघडी ठेवली. ठरवून नव्हे, बंद करायची राहून गेली. सुतार होते, बाकीचे नवे. डॉक्टरांनी कोणाला बोलायचं आहे का विचारलं आणि कोणीच तयार नव्हतं, तर मीच म्हटलं, मी बोलते.

मी काय बोलले ते इथे पुन्हा लिहीत नाही. तिथे लिहिलं गेलं आहे. फार नव्हतं, चारपाच वाक्यं असतील. माझ्याच तोंडची अक्षरं खाली उमटताना पाहिली. धाकटीने एक ऱ्हस्व-दीर्घ चुकवला. मला हटकायचं सुचलंही नाही. सुतारांनी वाचून मान हलवली. त्यांना वेळ लागतो, मी थांबले.

नंतर भूक लागली. चांगली जेवले आणि भर दुपारी गाढ झोपले.

संध्याकाळी बापूचा फोन आला. त्याने आपणहून केला. काय बोललीस विचारलं, मी सांगितलं. त्याने विचारलं, तिथे आपल्याला कोणी बघतं का? मी म्हटलं, नको असेल तर नाही, बरेच जण सुरुवातीला बंदच ठेवतात, आणि नाव नुसतं कामाचं सांगायचं. म्हणाला, मग पुढच्या वर्गाला माझंही सांगून ठेव. तुझ्या वर्गात नको. वेगळ्या.

बरं म्हटलं. मग विचारलं, आईशी बोलतोस?

नाही म्हणाला. मी ठीक आहे म्हटलं, आणि फोन ठेवणार इतक्यात तो म्हणाला, "दे."

आई खिडकीशी होती. मी फोन तिच्या हातात दिला, बापू आहे म्हणून सांगितलं. तिने सुया मांडीवर ठेवल्या आणि फोन दोन्ही हातांनी कानाला धरला. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि भांडी घासत बसले, स्वच्छ होती ती सुद्धा. ते दोघे काय बोलले ते मला माहीत नाही. आईने हाक मारली तेव्हा बाहेर चांगलंच अंधारलं होतं.